दीड मिलिमीटरसाठी पंचास दोषी धरणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
शालेय हॉकी कक्ष,
दुसरा मजला, खोली क्रमांक नऊ.

अर्जदार : निवृत्त शारीरिक शिक्षण शिक्षक व नोंदणीकृत पंच क्रमांक १७.

विषय : मुलींच्या शालेय हॉकी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नियमात बसणारी स्टिक नियमबाह्य ठरवल्याबद्दल अर्जदारास दोषी धरून संबंधित खेळाडूस पूर्ण सहभागाचे प्रमाणपत्र येत्या चौदा तारखेच्या आत देणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. २) त्यांना आपल्या कार्यालयाने दिलेली चार उत्तरे, पैकी दोन एकाच मजकुराची. ३) आपल्या कार्यालयाचे रिंगविषयक परिपत्रक.

महोदय,

१. वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, हा अर्जदाराचा पाचवा अर्ज आहे. पहिले चार अर्ज पालथ्या घड्यावर पाणी ठरले, त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही; घडा कार्यालयाचा आहे, तो कसा ठेवायचा हे कार्यालयाने ठरवावे. परंतु चौदा तारखेला शारीरिक शिक्षण महाविद्यालयाची खेळाडूंसाठीची दुसरी आणि शेवटची प्रवेश यादी बंद होत आहे, आज बारा तारीख आहे, आणि एका मुलीचे पुढचे आयुष्य आपल्या टेबलावरच्या एका शिक्क्यासाठी अडलेले आहे. त्यामुळे यावेळी सगळे सुरुवातीपासून लिहिणे भाग आहे.

२. अर्जदार कोण हे कार्यालयास ठाऊक असले तरी फाइलला ठाऊक नसते, म्हणून नमूद करण्यात येते. अर्जदाराने एकतीस वर्षे शाळेत कवायत शिकवली आणि त्यातली शेवटची काही वर्षे व निवृत्तीनंतर आजतागायत, अशी एकूण बावीस वर्षे, मुलींच्या हॉकीत पंच म्हणून काम केले. मुलींनी अर्जदाराचे नाव "मिलिमीटर" ठेवले होते. ते त्या पाठीमागे घेत, पण अर्जदाराचे कान तिखट आहेत. नाव ऐकले की अर्जदार वरून कपाळाला आठ्या घाली आणि आतून सुखावत असे. माणसाला मागे नाव पडावे तर असे पडावे, असे त्यास वाटे.

३. तपासणीची पद्धत अशी. सामन्याच्या आधी वीस मिनिटे दोन्ही संघांनी बाजूच्या रेषेवर ओळीत उभे राहायचे. प्रत्येकीने तोंड उघडून माउथगार्ड दाखवायचे, मोजे खाली करून शिनगार्ड दाखवायचे, नखे दाखवायची, कान दाखवायचे. कानात बारीक काडी जरी सापडली तरी ती काढून अर्जदाराच्या तळहातावर. छिद्र बुजेल, ही सबब अर्जदाराच्या कानावर शेकडो वेळा आली आणि त्याने ती एकदाही ऐकली नाही. एका गोलकीपर मुलीच्या हेल्मेटचा पट्टा तुटला होता म्हणून तिने तो बुटाच्या नाडीने बांधला होता. नाडी ती नाडी, पट्टा तो पट्टा, असे सांगून अर्जदाराने तिला बाहेर बसवले. त्या शाळेकडे दुसरी गोलकीपर नव्हती. अकरा गोल झाले. प्रत्येक गोलानंतर अर्जदार मुद्दाम वळून तिच्याकडे बघत होता. ती रडू लागली तेव्हा "रडायचं तर रेषेच्या बाहेर रड, आत पाणी सांडलं की पोरी घसरतात," असे अर्जदार म्हणाला आणि दोन्ही संघ हसले. लोक हसले की पंचाला आपण न्याय केला असे वाटू लागते. हा रोग अर्जदारास फार जुना आहे.

४. आता रिंगबाबत. नियम असा की स्टिक, तिच्यावर गुंडाळलेल्या पट्ट्यांसकट, एक्कावन्न मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पोलादी रिंगमधून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली पाहिजे. गेली तर पास, अडली तर नापास. तिथे वशिला चालत नाही, रडणे चालत नाही, "उद्या आणते सर" चालत नाही. इतका सरळ नियम जगात दुसरा नाही म्हणून अर्जदारास तो पोटच्या पोरासारखा प्रिय होता. रिंग आपल्या कार्यालयाने दिलेली असून तिची आतली कड धारदार होती. आठ हंगामांपूर्वी एका मुलीच्या वडिलांनी तक्रार केली की त्या कडेने नव्या स्टिकचा रंग खरवडला जातो. वडील बिचारे हात जोडून बोलत होते. अर्जदारास त्या दिवशी काय झाले कोण जाणे, पण दया आली. घरी जाऊन त्याने रिंगच्या आतल्या बाजूस कापडी चिकटपट्टी नीट गोल गुंडाळली. सौ.ने कात्री धरली. बावीस वर्षांच्या पंचगिरीत अर्जदाराने खेळाडू मुलींवर केलेली ही एकमेव दया होय, आणि तिनेच घात केला.

५. गेल्या हंगामाचा अंतिम सामना. विषयातील खेळाडू विजेत्या संघाची आघाडीची मुलगी. संघात तिला टाचणी म्हणत, कारण अंगाने बारीक आणि बचावफळीत बरोबर हवी तिथे घुसणारी. तिची आई मैदानापलीकडच्या लाँड्रीत इस्त्री करते. त्या दिवशी दोन्ही संघांचे गणवेश तिनेच इस्त्री करून आणले होते आणि ती रिकाम्या गाठोड्याचे फडके हातात धरून रेषेजवळ उभी होती. टाचणीची स्टिक रिंगमध्ये घातली. दांडा गेला, खालचा वाक सुरू होतो तिथे पोटाशी अडली. टाचणी म्हणाली, "सर, उपांत्य सामन्याला हीच होती. पास झाली होती." त्या सामन्याला पंच दुसरे होते व त्यांची रिंगही दुसरी होती. अर्जदार म्हणाला, "ते पंच मायाळू असतील. मी नाही." मग आई पुढे आली. म्हणाली, "मास्तर, एकदा परत घालून बघा ना, माझ्यासमोर." यावर अर्जदाराने, आधीच्या चारही अर्जांत लिहिल्याप्रमाणे, "योग्य ती समज दिली" आणि स्टिक जप्त करून कार्यालयाकडे पाठवण्यासाठी बाजूला ठेवली.

६. संघाकडे जादा स्टिक एकच होती, बचावपटू मुलीची, तिच्या उंचीची. टाचणीला ती चार बोटे लांब. जिच्या स्टिकवर चेंडू पूर्ण स्पर्धेत चिकटून राहिला तिच्याकडून तो सारखा निसटू लागला. शेवटची चार मिनिटे राहिली असताना तिने स्टिक मागे घेतली ती अंदाज चुकून समोरच्या संघातल्या मुलीच्या मनगटावर बसली. अर्जदाराने धोकादायक खेळ म्हणून पिवळे कार्ड दाखवले. कार्ड नियमाप्रमाणेच होते, त्याबद्दल आजही दुमत नाही. लांब स्टिक तिच्या हातात कोणी दिली हा प्रश्न कार्डावर लिहायची सोय नाही. ती बाहेर बसली आणि तिथेच शेवटची शिट्टी झाली. तिचा संघ दोन-एक जिंकला. सगळ्या मुली मैदानात धावल्या. बाहेर बसवलेल्या खेळाडूस पंचाने खूण केल्याशिवाय रेषा ओलांडता येत नाही. टाचणी अर्जदाराच्या हाताकडे बघत उभी होती. अर्जदाराने खूण केली नाही. विसरून नव्हे. केली नाही.

७. स्पर्धेच्या नियमानुसार शेवटच्या शिट्टीच्या वेळी कार्डामुळे बाहेर असलेल्या खेळाडूस "अंशतः सहभाग" एवढेच प्रमाणपत्र मिळते. महाविद्यालयास "पूर्ण सहभाग" लागतो. तिच्या संघातील ज्या मुलींनी त्या हंगामात एकही गोल केला नाही त्यांचे प्रवेश झाले. निम्म्याहून अधिक गोल जिचे, ती राहिली.

८. यानंतर तीन महिन्यांनी पंचांचे उजळणी शिबिर झाले. त्यात सर्वांच्या रिंगा तंत्रशाळेच्या वर्कशॉपमध्ये नेऊन मोजल्या. तेथील लेथ शिकवणाऱ्या गुरुजींनी अर्जदाराच्या रिंगला व्हर्निअर लावला, चष्मा वर केला, पुन्हा लावला आणि विचारले, "ही काय बालवाडीसाठी आहे का?" एकोणपन्नास पॉइंट पाच. मग त्यांनी नखाने चिकटपट्टीचे टोक उचकटले आणि सगळी पट्टी काढून पुन्हा मोजले. बरोबर एक्कावन्न. दीड मिलिमीटर चिकटपट्टीने खाल्ले होते. पंचवीस पंच पोट धरून हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. अर्जदार घरी आला. त्याने तोंड उघडण्याआधीच सौ. म्हणाल्या, "पट्टी तुम्ही गुंडाळली होती, मी नुसती कात्री धरली." कोणीतरी आधीच फोन केला असावा.

९. अर्जदाराने वही काढली. आठ हंगामांत त्या रिंगने नापास केलेल्या स्टिक त्रेसष्ट. अर्जदाराने मनाची समजूत घातली की बाकीच्या साखळी सामन्यांतल्या, त्यांचे फार काही गेले नसेल, खरे नुकसान एकीचेच. सौ. भांडी पुसत होत्या. म्हणाल्या, "बासष्टजणींचं काय गेलं ते तुम्हाला माहीत नाही, एवढंच." बाईंचे बोलणे पहिल्यापासून असे आहे.

१०. दुसऱ्याच दिवशी अर्जदाराने पहिला अर्ज केला. उत्तर आले की सामन्याबाबत हरकत शेवटच्या शिट्टीनंतर तीस मिनिटांत, कर्णधाराच्या सहीने घ्यावी लागते. मुदत संपली आहे. हे खरे आहे. त्या तीस मिनिटांत अर्जदार आपण किती कडक आहोत या आनंदात सरबत पीत बसला होता.

११. दुसऱ्या अर्जात हरकत म्हणून नव्हे तर तक्रार म्हणून लिहिले : पंच क्रमांक १७ याने खेळाडूवर अन्याय केला, त्याच्यावर कारवाई व्हावी. टेबल क्रमांक चारवरील बाईंनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "काका, तक्रारदार तुम्ही आणि गैरअर्जदारही तुम्हीच? मग नोटीस कुणाला काढू आणि तारीख कुणाला देऊ?" अर्जदार म्हणाला, दोन्ही मलाच द्या. बाई म्हणाल्या, "नमुन्यात दोन रकाने आहेत म्हणजे दोन माणसं लागतात." लेखी उत्तर आले की उभय पक्षांनी हा वाद आपसात सामोपचाराने मिटवावा. अर्जदाराने तसा प्रयत्न केला. उभय पक्षांत अद्याप बोलणे नाही. दरम्यान महाविद्यालयाची पहिली यादी बंद झाली.

१२. तिसऱ्या अर्जासाठी पुरावा म्हणून ती स्टिक शोधली. ती आपल्या अभिलेख कक्षात, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत, खिडकीचे तावदान उघडे राहावे म्हणून चौकटीत आडवी लावलेली सापडली. दांड्यावर पेनाने तिचा शर्टाचा क्रमांक लिहिलेला आहे, तो सात. शिपायाची परवानगी घेऊन अर्जदाराने ती तेवढ्यापुरती काढली आणि पट्टी सोडवलेली रिंग तिच्यावरून घातली. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत रिंग कुठेही न अडता गेली. अर्जदाराने पाच वेळा घालून पाहिली. शिपाई म्हणाला, "झालं का हो? तावदान पडतंय." स्टिक सीलबंद करून तिची तपासणी करावी असे अर्जात लिहिले. लेखी उत्तर दुसऱ्या अर्जाच्याच मजकुराचे आले. तोंडी असे सांगण्यात आले की स्टिक हलवल्यास खिडकीची दुरुस्ती करावी लागेल व तो विषय या कक्षाचा नाही.

१३. चौथ्या अर्जात थेट रिंगच सदोष होती असे लिहिले. त्यावर आपल्या कार्यालयाने आठ वर्षांची आठ वार्षिक तपासणीपत्रे काढून दाखवली. प्रत्येकावर "रिंग सुस्थितीत आहे" असे लिहिलेले असून खाली अर्जदाराची सही आहे. सही अर्जदाराचीच आहे. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. परंतु पुढच्या आठवड्यात परिपत्रक निघाले की, एका पंचाच्या रिंगला पट्टी आणि इतरांच्या नाही यामुळे तपासणीत असमानता येते, सबब यापुढे सर्व सव्वीस पंचांनी आपापल्या रिंगला आतून कापडी पट्टी गुंडाळावी. स्टिकचा रंग जपणारी ही कल्पना अर्जदाराची असल्याने येत्या पंधरा तारखेस त्याचा शाल व मानपत्र देऊन सत्कार करण्याचेही त्यात ठरले. म्हणजे जी चूक एका माणसाच्या खिशात होती ती आता सगळ्या मैदानांवर नियम म्हणून फिरते आहे. गेल्या शनिवारी एकाच शाळेच्या नऊ स्टिक नापास झाल्या. त्यांच्या क्रीडा शिक्षिका अर्जदाराला शोधत आल्या होत्या. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारले, "सर, तुम्हाला काय मिळालं हो यातून?" अर्जदाराने शालीबद्दल सांगितले नाही.

१४. गेल्या सोमवारी आपण टाचणीला आणि तिच्या आईला खोली क्रमांक नऊमध्ये बोलावले. अर्जदारही हजर होता. आपण मोठ्या मनाने पूर्ण सहभागाचे प्रमाणपत्र तयारच करून ठेवले होते. त्यावर लिहिले होते : "खेळाडूची स्टिक नियमबाह्य होती हे मान्य करून, विशेष बाब व अनुकंपा म्हणून." खाली खेळाडूच्या सहीची जागा. आईने दोन्ही हातांनी कागद घेतला, वाचता येत नसल्यासारखा बराच वेळ धरला आणि मुलीच्या हातात पेन दिले. टाचणीने कागद वाचला. म्हणाली, "साहेब, स्टिक पास होती. तेवढं लिहा, मी लगेच सही करते." आपण म्हणालात, "बाळ, ते लिहिलं तर आठ वर्षांचे सामने उघडावे लागतील. तुला प्रवेश हवाय की वाद हवाय?" ती म्हणाली, "मला खोटं लिहून नकोय." आणि पेन टोपण लावून आपल्या टेबलावर ठेवले. आपण कागद फाडला नाही, चौदा तारखेपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवतो म्हणालात, हे आपल्या चांगुलपणाच्या खाती येथे लिहून ठेवण्यात येते.

१५. खोलीबाहेर, पाण्याच्या कूलरपाशी, आईने तिच्या थोबाडीत मारली. एकदा नव्हे, दोनदा. "घे म्हटलं ना! एका ओळीसाठी जन्म घालवतेस? माझ्यासारखी उभी राहून पाय सुजवून घ्यायचेत तुला?" टेबल क्रमांक चारच्या बाई मान वर करून बघत राहिल्या. अर्जदार मध्ये पडायला गेला. आई वळून म्हणाली, "तुम्ही नका बोलू मास्तर. तुमचं बोलून झालंय." टाचणीने गालाला हात लावला नाही. ती अर्जदाराकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "सर, चार महिने दीड मिलिमीटर, दीड मिलिमीटर करत फिरताय. मला त्या दिवशी स्टिकचं काही वाटलं नव्हतं. स्टिक काय, नापास होते कधी कधी. तुम्ही आईला काय म्हणालात ते लिहिलंत का एकातरी अर्जात?"

१६. लिहिले नव्हते. चारही अर्जांत "योग्य ती समज दिली" असेच आहे. येथे "अर्जदार" या शब्दाच्या आडोशाला उभे राहता येत नाही, म्हणून मी लिहितो. मी म्हणालो, "बाई, तुम्ही कपड्यांच्या घड्या मोजा, मिलिमीटर आम्ही मोजतो. आणि पोरीला आत्तापासूनच इस्त्री धरायला शिकवा. शेवटी तेच करायचंय तिला, उगाच मधली वर्षं वाया नका घालवू." संघांची नावे पुकारण्यासाठी दिलेला माइक माझ्या हातात होता आणि तो चालू होता. मला ते माहीत होते. सगळे मैदान हसले. समोरचा संघ हसला, पाहुण्यांच्या खुर्च्या हसल्या, टाचणीच्या स्वतःच्या संघातल्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. आणि तिची आईही हसली. मोठ्या लोकांनी विनोद केला की हसायचे, नाही हसले तर त्यांना राग येतो, ही सवय त्या बाईंना कामाने लावली असेल. टाचणी तिच्याकडे बघत होती. मी शिट्टी वाजवली.

१७. माझे बोलणे खरे झाले आहे. चार महिन्यांपासून टाचणी त्याच लाँड्रीत आईच्या शेजारच्या टेबलावर इस्त्री करते. मी रोज तिथून जातो. उजव्या हाताला मनगटाच्या वर भाजल्याची पट्टी आहे. तिचा हात अजून चेंडू अडवल्यासारखा खाली झुकतो आणि मग सरळ होतो. सत्कारासाठी सौ.ने माझा पंचाचा ब्लेझर मला न विचारता तिथेच टाकला होता. काल तो आला. मी तो खिडकीपाशी नेऊन उलटा सुलटा करून बघितला. कुठेतरी जळल्याचा डाग असेल, बाही आखडली असेल, एखादे बटण मुद्दाम तोडले असेल, असे मला वाटत होते, खरे सांगायचे तर तसे असावे अशी इच्छा होती. काही नव्हते. माझ्या बावीस वर्षांत त्या ब्लेझरला इतकी चांगली इस्त्री कोणी केली नव्हती. मी तो अंगात घातलेला नाही.

१८. तरी वरील वस्तुस्थिती पाहता आपणास विनंती की,

(अ) अंतिम सामन्यात शर्ट क्रमांक सातची स्टिक नियमात होती आणि पंचाची रिंग नियमात नव्हती, ही एक ओळ लिहून, "अनुकंपा" हा शब्द वगळून, प्रमाणपत्र चौदा तारखेच्या आत देण्यात यावे. आठ वर्षांचे सामने उघडावे लागले तर उघडावेत. त्यासाठी लागेल तितके दिवस मी जिन्याखालच्या खोलीत बसून स्टिक मोजून देईन.

(ब) रिंगविषयक परिपत्रक रद्द करावे व सत्काराची शाल देऊ नये.

(क) वर परिच्छेद सोळामध्ये लिहिलेले माझे वाक्य सामन्याच्या अहवालातील "पंचांचे शेरे" या रकान्यात जसेच्या तसे नोंदवावे. मी आधी असे सुचवणार होतो की सत्काराच्या दिवशी मी ते वाक्य सर्वांसमोर माइकवर वाचून माफी मागावी. तसे टाचणीला विचारले. ती इस्त्री न थांबवता म्हणाली, "परत माइक नको, सर. एकदा आई हसली तेवढं पुरे." त्यामुळे फक्त लिहावे, वाचू नये.

(ड) वरीलपैकी कोणतीही मागणी तिची समजू नये व तिला त्यासाठी पुन्हा कार्यालयात बोलावू नये. तिने माझ्याकडे काहीही मागितलेले नाही. तिने मला क्षमा केली आहे असा अर्थही कोठे काढू नये.

उद्या आणि परवा, कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत, मी कूलरसमोरच्या बाकावर बसून आहे. सहीसाठी हाक मारावी.

आपल्या शिक्क्याच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,

(सही)
पंच क्रमांक १७
दिनांक : १२

सोबत :
१. पोलादी रिंग, एक नग, पट्टी काढलेली.
२. काढलेली कापडी पट्टी, पाकिटात.
३. तंत्रशाळेच्या वर्कशॉपचा मोजमापाचा दाखला.
४. नापास केलेल्या त्रेसष्ट स्टिकची वही.
५. खेळाडूचे "अंशतः सहभाग" प्रमाणपत्र, छायाप्रत. मूळ प्रत तिने दिली नाही.

—

आवक दिनांक : १३. टेबल क्रमांक चार.

शेरा : विहित नमुन्यानुसार अर्जाच्या डाव्या बाजूस चाळीस मिलिमीटर समास आवश्यक आहे. पट्टीने मोजला असता तो सदतीस मिलिमीटर भरला. अर्ज नियमबाह्य. मजकूर वाचण्यात आलेला नाही. सहपत्रांसह परत. अर्जदाराने पुरेसा समास सोडून नव्याने अर्ज करावा.

दिनांक : १७